गावाने कोणाला बाहेर काढले?

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की तिवसा तालुक्यात मोझरी येते. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी इथे गुरुकुंज आश्रम स्थापला आणि जात, पंथ, ऐपत बाजूला ठेवून गावोगावच्या माणसांना सामुदायिक प्रार्थनेत शेजारी शेजारी बसवले. पुढच्याच वर्षी वर्धा नदीपलीकडे दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम सुरू केले. १९४६ साली अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन वसवले. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापली आणि तिच्यातून वरोऱ्याचे आनंदवन उभे राहिले. १९५१ साली वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन निघाले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचे कुष्ठरुग्णालय तर या सगळ्यांच्या आधीपासून होते. गुरुकुंज ही कुष्ठसेवेची संस्था नव्हे. पण कोण कोणाच्या शेजारी बसणार, हा प्रश्न मोझरीच्या प्रार्थनेने ज्या मुलखासमोर ठेवला, त्याच मुलखात तो महारोग्याच्या बाबतीत सर्वांत अवघड होता. अमरावती ते वरोरा या एका पट्ट्यात, सोळा वर्षांत, त्याला इतक्या जणांनी हात घातला ही आपल्या प्रदेशाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

हा इतिहास आपण करुणेचा इतिहास म्हणून सांगतो. निर्भय माणसे पुढे आली, त्यांनी जखमा धुतल्या, झिडकारलेल्यांना कामाला लावले, स्वतःच्या पायावर उभे केले. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण एवढ्यावर थांबले तर दोन प्रश्न तसेच राहतात. गावाने बाहेर काढले ते नेमके कोणाला? आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस नवा रुग्ण वसाहतीत जाण्याऐवजी आपल्याच घरात राहून बरा होऊ लागला, तो कशामुळे? माझे म्हणणे असे की या दोन्ही प्रश्नांची उत्तरे छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या एका लहान ग्रंथीपर्यंत जातात. तिला थायमस म्हणतात. मराठी विश्वकोशात ती यौवनलोपी ग्रंथी या नावाने येते. तपोवन आणि दत्तपूर यांच्या इतिहासाला या ग्रंथीच्या अभ्यासाचा इतिहास जोडला नाही, तर तो अर्धाच राहतो.

आधी जुनी समजूत पाहू. महारोगी, रक्तपित्या असे म्हणून ज्याला वेशीबाहेर झोपडी बांधून दिली जाई, त्याच्याबद्दल गावाकडे दोन उत्तरे तयार असत. एक, हे पूर्वजन्मीचे पाप. दुसरे, हे कुळात आहे. पहिल्याला ग्रंथांचा आधार होता: सुश्रुतसंहितेत कुष्ठाचा संबंध पापकर्माशी जोडलेला आहे. मात्र त्याच संहितेत स्पर्शाने आणि सहवासाने एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांतही कुष्ठ मोजले आहे, हेही सांगितले पाहिजे. कुळाचे उत्तर केवळ अडाण्यांचे नव्हते. नॉर्वेतले डॅनियलसन आणि बोक हे त्या काळचे अव्वल अभ्यासक १८४७ साली रोग आनुवंशिक आहे असेच सांगत होते. मग १८७३ साली नॉर्वेतच हॅन्सनने रुग्णाच्या गाठींत जंतू पाहिला आणि तिसरे उत्तर आले: हा संसर्ग आहे. १८९७ च्या बर्लिन परिषदेने रुग्णांना वेगळे ठेवण्याची शिफारस केली. हिंदुस्थानात त्याआधीच, १८९०-९१ मध्ये पाहणी केलेल्या एका आयोगाने, सक्तीने अलग करण्याइतका हा रोग लागट नाही असा अहवाल दिला होता. तरीही १८९८ साली कायदा आला. त्याने निराधार कुष्ठरुग्णाला पकडून आश्रयगृहात डांबण्याची आणि काही व्यवसायांपासून रोखण्याची मुभा दिली. हा कायदा संसदेने रद्द केला तो थेट २०१६ साली.

पाप, कुळ आणि जंतू ही तिन्ही उत्तरे एका साध्या निरीक्षणापाशी अडत होती. एका घरात, एका माळवदाखाली, एकाच रुग्णासोबत वर्षानुवर्षे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नसे. ज्यांना होई त्यांतही एकाच्या पाठीवर बधिर चट्टा येऊन तो वर्षानुवर्षे तेवढाच राही, तर दुसऱ्याचे कान जाड होत, भुवया झडत, नाक बसे. जंतू तोच, घर तेच, अन्न तेच. पाप म्हणावे तर भावाभावांत इतका फरक का? कुळ म्हणावे तर नवरा-बायकोत एकालाच का? आणि जंतू म्हणावे तर सेवेत आयुष्य घालवलेले कार्यकर्ते बहुतांश धडधाकट कसे राहिले? आज आपल्याला ठाऊक आहे की साधारण पंचाण्णव टक्के माणसांचे शरीर हा जंतू मुळी रुजूच देत नाही. पण हे ‘शरीर रुजू देत नाही’ म्हणजे नेमके काय होते, हे हॅन्सननंतर ऐंशी-नव्वद वर्षे कोणालाच सांगता येत नव्हते.

पहिला धागा जपानमधून आला. मित्सुदाने १९१९ साली मारलेले जंतू कातडीत टोचून पाहिले. सौम्य, एक-दोन चट्ट्यांच्या रुग्णात तिथे गाठ उठली. अंगभर जंतू असलेल्या रुग्णात काहीच उठले नाही. ज्याच्या अंगात जंतू खच्चून भरले आहेत त्याचेच शरीर त्यांना ओळखत नाही, हा उलटा निष्कर्ष त्यातून निघत होता. १९६० च्या दशकात रिडले आणि जॉप्लिंग यांनी सगळे रुग्ण एका पट्ट्यावर मांडले. एका टोकाला क्षयसदृश कुष्ठ: चट्टे मोजके, जंतू जवळजवळ नाहीत, प्रतिकार जोरदार. दुसऱ्या टोकाला गाठीचे कुष्ठ: जंतू अगणित, प्रतिकार शून्य. बाकीचे रुग्ण या दोहोंच्या दरम्यान. आपल्याकडे मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर याच सुमारास कुष्ठाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे छेद घेऊन जंतू आणि मज्जातंतू यांचे नाते तपासत होते. एका जंतूचे दोन रोग आहेत, आणि कोणता होणार हे जंतू ठरवत नसून माणूस ठरवतो, इथवर गाडी आली होती. माणसातले काय ठरवते, हे कळायला थायमसकडे जावे लागले.

थायमसला तोवर काही काम आहे असेच कोणी मानत नव्हते. जन्मवेळी ही ग्रंथी चांगली भरलेली असते, वयात आल्यावर आक्रसत जाते, आणि उतारवयात तिच्या जागी बरीचशी चरबी उरते. त्यामुळे ती उत्क्रांतीतली एक जुनी अडगळ असावी असा समज होता. १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर याने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. ती पिल्ले वाढली, पण संसर्गाला तोंड देता न येऊन खंगून मेली. परक्या उंदराची कातडी चिकटवली तर ती नाकारण्याचीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. १९६८ मध्ये मिलर आणि मिचेल यांनी दाखवले की पांढऱ्या पेशींच्या एका मोठ्या वर्गात दोन वेगळी घराणी आहेत: अस्थिमज्जेतून येऊन प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशी, आणि थायमसमध्ये तयार होणाऱ्या टी पेशी. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ११ तारखेला, मोझरीला तुकडोजी महाराजांनी देह ठेवला. त्यांना कर्करोग झाला होता. शरीर परक्याला आणि बिघडलेल्या आपल्याला कसे ओळखते, हा प्रश्न कुष्ठाचा आहे तसाच कर्करोगाचाही आहे. खानोलकरांनी उभारलेल्या मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात कुष्ठाचा अभ्यासही त्याच छपराखाली चालला.

आता थायमसमध्ये काय घडते ते जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. अस्थिमज्जेतून निघालेली कोवळी पेशी थायमसमध्ये येते तेव्हा ती अजून टी पेशी नसते. इथे ती आपल्या जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून स्वतःपुरता एक ग्राहक रेणू बनवते. हा रेणू पुढे आयुष्यभर तिचा डोळा असतो. त्यानंतर एक विलक्षण अवस्था येते: पेशीच्या अंगावर सीडी-४ आणि सीडी-८ ही दोन्ही प्रथिने एकाच वेळी असतात. म्हणजे ती अजून मदतनीसही होऊ शकते आणि मारकही. शरीराच्या स्वतःच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे दोन प्रकारच्या वाहक रेणूंवर मांडून दाखवतात. माणसात या वाहकांना एचएलए म्हणतात. पहिल्या वर्गाचे वाहक जिला हलकेच जुळतात ती सीडी-८ वाली मारक पेशी होते, दुसऱ्या वर्गाचे जुळतात ती सीडी-४ वाली मदतनीस. ज्यांना काहीच जुळत नाही त्या मरतात. ज्या स्वतःच्या शरीराला फार घट्ट चिकटतात त्याही बहुतेक मारल्या जातात, नाहीतर त्या पुढे आपल्यावरच उलटतील. थायमसमध्ये आलेल्या पेशींपैकी नव्वद-पंचाण्णव टक्क्यांहून अधिक तिथेच संपतात.

पेशी निवड करते ती कशी, यावर वीसेक वर्षे वाद चालला. एक पक्ष म्हणे की जुळलेला वाहकच पेशीला तू अमुक हो असे सांगतो. दुसरा म्हणे की पेशी आधी वाटेल तशी एक बाजू घेते, आणि चुकीची घेतली तर मरते. १९८८ साली फोन बोमर आणि किसिएलोव यांच्या गटाने ज्याच्या जवळजवळ सगळ्या टी पेशींना एकच ठरलेला ग्राहक आहे असा उंदीर तयार केला. तो ग्राहक पहिल्या वर्गाच्या वाहकाला जुळणारा होता, आणि त्या पेशी मोठ्या प्रमाणात सीडी-८ च झाल्या. ग्राहकाचा आणि वंशाचा संबंध त्यामुळे पक्का झाला. पण वाद संपला नाही, कारण निकाल दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने लावू शकत होते. पुढे आल्फ्रेड सिंगर यांनी कालावधीची कल्पना मांडली. दोन्ही हातांनी फांदी धरलेला माणूस एक हात सैल करून भार पेलतो का ते बघतो, तसे संदेश मिळाल्यावर पेशी आधी सीडी-८ कमी करते. संदेश तरीही चालू राहिला तर ती मदतनीस होते. तुटला तर सीडी-८ परत आणून मारक होते. १९९८ मध्ये कॅपेस यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर सापडले की ज्यांत मदतनीस पेशीच नव्हत्या. दुसऱ्या वर्गाला जुळणाऱ्या पेशी मेल्या नव्हत्या, त्या मारक होऊन बसल्या होत्या. २००५ साली कळले की त्यांच्यात थीपॉक नावाचे एक नियामक प्रथिन बिघडले होते. मारक बाजूला हेच काम रंक्स-३ करते, आणि दोघे एकमेकांना दाबून धरतात. म्हणूनच एकदा घेतलेली बाजू पेशी सहसा सोडत नाही.

हे सगळे उंदरांच्या छातीत घडले, त्याचा आपल्याकडच्या चट्ट्याशी काय संबंध? १९८२ च्या सुमारास अमेरिकेत व्हॅन व्होर्हिस आणि कोन, आणि लगेच पाठोपाठ मॉडलिन यांनी रुग्णांच्या कातडीचे तुकडे घेऊन त्यांत कोणत्या टी पेशी आहेत ते मोजले. क्षयसदृश चट्ट्यात मदतनीस पेशी मारक पेशींच्या साधारण दुप्पट होत्या, आणि त्या गाठीच्या मध्यभागी, मारक पेशी कडेला, अशी नीट मांडणी होती. गाठीच्या कुष्ठात प्रमाण उलटे झाले होते आणि पेशी विस्कळीत पसरल्या होत्या. थायमसने लहानपणी ज्या दोन फळ्या तयार केल्या, त्यांपैकी कोणती चट्ट्यात किती आणि कुठे उभी राहते, यावर मित्सुदाच्या गाठीचे आणि भावाभावांतल्या फरकाचे कोडे उलगडू लागले. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. इंदिरा नाथ याच काळात गाठीच्या कुष्ठातल्या टी पेशी जंतूपुढे गप्प का बसतात याचा शोध घेत होत्या.

या माहितीचा गावाच्या इतिहासावर जो प्रकाश पडतो तो अस्वस्थ करणारा आहे. कुष्ठात बोटे झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे नव्हेत. मज्जातंतू मेला की हात बधिर होतो. चुलीवरचे भांडे, काटा, दगड जाणवत नाही. जखम होते, चिघळते, हाड आत ओढले जाते. आणि मज्जातंतू मरण्याचे एक मोठे कारण म्हणजे त्यात लपलेल्या मोजक्या जंतूंवर टी पेशींनी केलेला हल्ला. ज्याचा प्रतिकार जोरात, त्याचा हात लवकर वाकडा. म्हणजे एखाद-दुसरा चट्टा आणि वाकडी बोटे असलेला क्षयसदृश रुग्ण, ज्याला बघताच गाव ओळखत असे, तो बहुधा कोणालाही लागण देऊ शकत नव्हता. त्याच्या अंगात देण्याइतके जंतूच नव्हते. उलट गाठीच्या कुष्ठाच्या सुरुवातीला कातडी फक्त गुळगुळीत, थोडी तुकतुकीत दिसते. संवेदना बराच काळ टिकून राहते. पण अशा रुग्णाच्या नाकातून दिवसाला कोटीच्या घरात जंतू बाहेर पडू शकतात. तो माणूस बाजारात, देवळात, लग्नाच्या पंगतीत बसलेला असे आणि कोणाला शंकाही येत नसे. वेशीबाहेर काढण्याची रीत आपल्याला रोगापासून वाचवते असे गावाला वाटे. बहुतेक वेळा तिने चुकीचा माणूस बाहेर काढला. पुढे गाठी येऊन चेहरा बदलल्यावर गाठीच्या कुष्ठाचा रुग्णही हाकलला जाई, हे खरे आहे. पण तोवर जी लागण व्हायची ती होऊन गेलेली असे, आणि या रोगाला अंगावर उमटायला सरासरी पाच वर्षे, कधी वीसही लागतात.

इथे जाणकार वाचक आक्षेप घेईल, आणि तो योग्य आहे. थायमसमध्ये पेशी मदतनीस किंवा मारक होते ती एक निवड. मदतनीस पेशी पुढे लसिकाग्रंथीत जाऊन कोणत्या प्रकारची मदत करायची, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींना चेतवायचे की प्रतिपिंडांना बळ द्यायचे, हे ठरवते ती दुसरी निवड. कुष्ठाची दोन टोके ठरण्यात या दुसऱ्या निवडीचा वाटा मोठा आहे, आणि ती थायमसबाहेर होते. शिवाय १९८० च्या दशकात गाठीच्या कुष्ठातल्या सीडी-८ पेशींना दडपशाही करणाऱ्या पेशी असे नाव देऊन सगळे स्पष्टीकरण त्यांच्यावर टाकले गेले होते, ते पुढे टिकले नाही. हे दोन्ही मुद्दे मान्य करूनही मूळ म्हणणे उभे राहते. दुसरी निवड करणारी पेशी आधी पहिल्या निवडीतून आलेली असते. थायमसने मदतनीस बनवलीच नाही तर कशी मदत करावी हा प्रश्न उठत नाही. आणि दडपणाऱ्या पेशींची कल्पना कोसळली ती वेगळ्या रूपात परत आली: १९९५ साली जपानच्या शिमोन साकागुची यांनी प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या टी पेशी दाखवल्या, त्यांतला मोठा हिस्सा थायमसमध्येच तयार होतो, आणि २०२५ चे वैद्यकाचे नोबेल त्यांना ब्रंकोव आणि रॅम्सडेल यांच्यासह याच कामासाठी मिळाले.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. एचएलए रेणू आईबापांकडून येतात. काही एचएलए प्रकार आणि कुष्ठाचे रूप यांचा संबंध भारतीय रुग्णांतही आढळला आहे. मग ‘कुळात आहे’ असे म्हणणारे गावकरी बरोबर नव्हते का? नव्हते. आईबापांकडून येते ते जंतूचा कोणता तुकडा टी पेशीला कसा दाखवला जाईल याचे साधन; रोग येत नाही. त्या साधनावर थायमसने कोणत्या पेशी निवडल्या, ग्राहक रेणूंची जुळणी त्या देहात योगायोगाने कशी झाली, जंतू किती आणि कधी आला, या सगळ्यांचा त्यात भाग असतो. ग्राहकांची जुळणी तर एकबीज जुळ्यांतही एकसारखी नसते. कुळाची समजूत सांगते की अमुक घरातली मुलगी करू नये. जंतूशी संबंध आला नाही तर कुष्ठरुग्णाच्या मुलाला कुष्ठ होण्याचे कारण नाही, आणि आला तरी बहुतेकांना होत नाही. आपल्या कायद्यालाही हे मान्य करायला फार वेळ लागला. कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ साली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि वर्ध्याचा इतिहास जाणणारा तो घेईलच. रुग्णाला घरी ठेवून बरे करण्याची पद्धत थायमसच्या आधीची आहे. डॅप्सोन गटातली औषधे १९४० च्या दशकात आली. गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनच्या डॉ. रा. वि. वारदेकरांनी १९५० च्या दशकात गावोगाव पाहणी, लोकशिक्षण आणि घरपोच उपचार ही पद्धत बसवली, आणि १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने तीच वाट धरली. हे सगळे मिलरचा उंदीर मरण्याआधी झाले. मग थायमसचे श्रेय कसले? उत्तर असे की डॅप्सोन एकटे पुरत नव्हते, आणि ते पुरत नाही हे सिद्ध करायला थायमसच लागली. हा जंतू नळीत वाढत नाही. १९६० साली शेपर्डने तो उंदराच्या तळपायात थोडासा वाढवून दाखवला, पण उंदराचा प्रतिकार त्याला लगेच अडवी. १९६६ मध्ये इंग्लंडच्या रीस यांनी उंदरांची थायमस काढली, किरणोत्सार दिला, आणि त्यांच्यात जंतू माणसासारखाच बेसुमार वाढला. टी पेशी नसलेले शरीर म्हणजेच गाठीचे कुष्ठ, याचा याहून थेट पुरावा नाही. आणि १९७४ साली याच उंदरांत मलेशियातल्या रुग्णांचे नमुने टोचून पाहिल्यावर कळले की दहा वर्षे नियमित डॅप्सोन घेऊनही शरीरात जिवंत जंतू दडून बसतात. साध्या उंदरात इतके थोडे जंतू सापडले नसते. डॅप्सोनला न जुमानणारे जंतूही उंदराच्या तळपायावरच्या प्रयोगांतून १९६४ पासून दिसू लागले होते. एकच औषध आयुष्यभर, ही पद्धत त्यामुळे मोडीत निघाली.

तिच्या जागी १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा बहुविध उपचार सुचवला, आणि देशात तो आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा होता. मोझरीपासून नदी ओलांडली की तो जिल्हा लागतो. आणि या उपचाराची मुदत ठरते कशी पाहा: पाच किंवा कमी चट्टे आणि तपासणीत जंतू नाहीत, तर सहा महिने, सहा किंवा जास्त चट्टे, तर आता बारा महिने. आरोग्य केंद्रातला कुष्ठतंत्रज्ञ रुग्णाची पाठ उघडून चट्टे मोजतो, तेव्हा तो त्या माणसाच्या टी पेशी कोणत्या टोकाला उभ्या आहेत तेच मोजत असतो. वसाहत लागू नये, मुदत ठरावी, उपचार संपला असे सांगता यावे, हे त्या मोजणीने शक्य झाले.

मराठी माणसांनी या बाजूला काय दिले तेही इथे नोंदले पाहिजे, कारण सेवेच्या इतिहासात त्यांची नावे येत नाहीत. १९५८ साली बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी गाठीच्या कुष्ठाच्या रुग्णापासून एक जंतू वाढवला. तो कुष्ठाचा खरा जंतू नव्हे, दुसऱ्या गटातला आहे, हे पुढे स्पष्ट झाले. पण त्याचे कुष्ठाच्या जंतूशी इतके साम्य होते की डॉ. एम. जी. देव यांनी त्यापासून लस केली. हेतू हाच की गप्प बसलेल्या टी पेशी जाग्या व्हाव्यात. १९८७ पासून सोलापूर, लातूर आणि उस्मानाबाद या भागांत तिची चाचणी झाली. तमिळनाडूतल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत, १९९८ च्या अहवालानुसार, तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले, तर एकट्या बीसीजीने ३४ टक्के. ती सार्वत्रिक झाली नाही. औषधांनी रुग्णसंख्या इतकी खाली आणली की लशीची निकड कोणाला उरली नाही. मला हे नुकसान वाटते. औषध लागण झालेल्याला बरे करते, आणि भारतात आजही दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक.

शेवटचा आक्षेप सेवाव्रतींच्या बाजूने येईल: पटवर्धन आणि दिवाण यांना टी पेशी ठाऊक नव्हत्या, म्हणून काय त्यांचे अडले? नाही अडले, आणि याच ठिकाणी त्यांचे मोठेपण आहे. गांधीजींनी कुष्ठ झालेल्या परचुरेशास्त्रींना सेवाग्रामात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले, तेव्हा तो धोका किती हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९५५ साली सिद्ध झालेल्या ग्रामगीतेत तुकडोजी महाराजांनी गावाच्या आरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि आरोग्य ही गावाची सामुदायिक जबाबदारी मानली. शास्त्र येण्याआधी माणुसकीने योग्य निर्णय घेतला होता. पण माणुसकीला वसाहतीच्या पलीकडे जाता येत नव्हते. तपोवन, दत्तपूर, आनंदवन ही हाकललेल्यांना जगवणारी गावे होती. हाकलणे थांबवण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. ती आली जेव्हा शेजाऱ्याला सांगता आले की या माणसाचा रोग तुला लागणार नाही, आणि अमुक महिन्यांत तो संपेल. हे वाक्य खात्रीने उच्चारण्यासाठी थायमस नसलेला उंदीर हवा होता. सेवेने भिंतीला दार केले आणि प्रयोगशाळेने भिंतच अनावश्यक ठरवली, असा माझा निर्वाळा आहे. दोघांपैकी एकाला वगळून लिहिलेला वऱ्हाड-वर्ध्याचा कुष्ठइतिहास मला पटत नाही.

म्हणून विनंती दोघांना आहे. जिल्ह्यांचे इतिहास, शाळेची पुस्तके आणि आश्रमांची माहितीपत्रके लिहिणाऱ्यांनी पटवर्धन-दिवाणांच्या शेजारी खानोलकर, रणदिवे, मिलर आणि रीस यांना जागा द्यावी. आणि वाचकाने घरातल्या कोणाच्याही अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न जाणवणारा चट्टा दिसला तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवावा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत, उपचार सुरू होताच रुग्णापासून लागण होण्याची शक्यता झपाट्याने संपते, आणि त्याला घर सोडावे लागत नाही.